क्वांटम मापनातील चुका आणि आपले एन्क्रिप्शन : चूक मोजण्यापासून यंत्रणा बदलण्यापर्यंत

क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक, ‘०’ या अवस्थेत असताना यंत्राने ‘१’ असे सांगणे, किंवा ‘१’ मध्ये असताना ‘०’ असे सांगणे, याला मापनचूक म्हणतात. आजच्या सुपरकंडक्टिंग यंत्रांत एका क्युबिटच्या एका वाचनात ही चूक ढोबळमानाने एक टक्क्याच्या आसपास असते; चांगल्या यंत्रांत ती त्याहून कमी आढळते, तर काहींत दोन-तीन टक्क्यांपर्यंतही जाते. आकडा किरकोळ दिसतो. मात्र आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह या एन्क्रिप्शनच्या प्रचलित पद्धती आज का टिकून आहेत आणि त्या कायम का टिकणार नाहीत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी याच आकड्याच्या हिशेबात दडलेली आहेत.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. क्लाउडवरील क्वांटम यंत्रावर किंवा सिम्युलेटरवर स्वतः सर्किट चालवून पाहणारे विद्यार्थी आणि अभियंते हे पहिले. एखाद्या संस्थेच्या माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळणारे हे दुसरे. दोघांनीही एकमेकांसाठी लिहिलेल्या पायऱ्या वाचाव्यात असा माझा आग्रह आहे, कारण या विषयातील सर्वांत महाग पडणारे गैरसमज या दोन क्षेत्रांच्या सीमेवरच तयार होतात. संभाव्यतेची आणि मॅट्रिक्सची प्राथमिक ओळख असली की पुढचे सर्व गणित कागदावर करता येते.

पायरी १ : चूक कुठून येते ते आधी ओळखा

सुपरकंडक्टिंग यंत्रात क्युबिटला थेट हात लावला जात नाही. त्याच्याशी जोडलेल्या रेझोनेटरवर मायक्रोवेव्हचा एक लहानसा स्पंद पाठवला जातो, आणि परत येणाऱ्या लहरीची कला (फेज) क्युबिटच्या अवस्थेनुसार किंचित बदललेली असते. तोच प्रयोग हजारो वेळा करून मिळालेली मूल्ये आलेखावर मांडली की ठिपक्यांचे दोन ढग दिसतात, एक ‘०’ चा आणि दुसरा ‘१’ चा. यंत्र या ढगांच्या मधून एक सीमारेषा आखते आणि ठिपका ज्या बाजूला पडेल त्यावरून उत्तर देते. ढग एकमेकांत जेवढे मिसळलेले असतील, तेवढे वाचन चुकते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘१’ ही उच्च ऊर्जेची अवस्था असल्यामुळे क्युबिट मापन चालू असतानाच ‘०’ मध्ये ढासळू शकतो. ढासळण्याचा सरासरी काळ, म्हणजे टी-१, जर १०० मायक्रोसेकंद असेल आणि मापनाला १ मायक्रोसेकंद लागत असेल, तर मापनादरम्यान ढासळण्याची शक्यता सुमारे १ टक्का होते. त्यातही तो मापनाच्या पूर्वार्धात ढासळला तरच वाचन बहुधा उलटते, म्हणून या एकाच कारणाने सुमारे अर्धा टक्का चूक पदरात पडते. या कारणाने ‘१’ चे ‘०’ होते, पण ‘०’ चे ‘१’ होत नाही. त्यामुळे मापनचूक बहुधा एकतर्फी असते, ही गोष्ट पुढे यादृच्छिक संख्यांच्या बाबतीत महत्त्वाची ठरणार आहे.

मापन लांबवले तर ढग स्पष्ट वेगळे होतात, पण ढासळण्याला अधिक वेळ मिळतो. मापन आखडते घेतले तर उलट होते. स्पंदाची ताकद वाढवली तर क्युबिट ‘०’ आणि ‘१’ सोडून तिसऱ्याच ऊर्जापातळीवर जाण्याचा धोका असतो, आणि अशी गळती केवळ एक वाचन बिघडवून थांबत नाही, ती पुढच्या फेऱ्यांमध्येही टिकून राहते. सापळ्यात धरलेल्या आयनांच्या यंत्रांत लेझरच्या प्रकाशात आयन चमकतो की अंधारा राहतो यावरून अवस्था ओळखली जाते आणि ९९.९ टक्क्यांहून अधिक अचूकता मिळू शकते, मात्र त्या मापनाला सहसा बराच अधिक वेळ लागतो. वेगाची ही किंमत पायरी ५ मध्ये पुन्हा आठवावी लागेल.

पायरी २ : चूक-सारणी तयार करा

प्रत्येक क्युबिटसाठी दोन साधी सर्किटे पुरतात. पहिल्यात काहीही न करता थेट मापन करायचे. दुसऱ्यात एक्स गेट लावून क्युबिट ‘१’ मध्ये न्यायचा आणि मग मापन करायचे. दोन्ही सर्किटे प्रत्येकी १०,००० वेळा चालवा. समजा, पहिल्या सर्किटात १०० वेळा चुकून ‘१’ आले आणि दुसऱ्यात ४०० वेळा चुकून ‘०’ आले. मग ‘०’ चुकण्याची शक्यता ०.०१ आणि ‘१’ चुकण्याची शक्यता ०.०४. या दोन आणि त्यांच्या पूरक अशा ०.९९ व ०.९६ या चार संख्यांची दोन बाय दोनची सारणी म्हणजेच त्या क्युबिटची चूक-सारणी.

शॉट्सची संख्या, म्हणजे सर्किट किती वेळा चालवायचे तो आकडा, मनाला येईल तशी ठेवू नये. १ टक्क्याच्या चुकीत १०,००० शॉट्सनंतर उरणारी सांख्यिकीय अनिश्चितता सुमारे ०.१ टक्का असते आणि ४ टक्क्यांच्या चुकीत सुमारे ०.२ टक्का. १,००० शॉट्सवर थांबलात तर ही अनिश्चितता तिपटीहून अधिक होते, आणि मग दोन क्युबिट्समधील फरक खरा आहे की योगायोग आहे हे सांगता येत नाही.

येथे तीन काळज्या घ्याव्या लागतात. एक म्हणजे आपण मोजलेली चूक निव्वळ मापनाची नसते. क्युबिट सुरुवातीला नीट ‘०’ मध्ये नसणे आणि एक्स गेट स्वतः किंचित चुकणे हे दोन्ही दोष तिच्यात मिसळलेले असतात. सुरुवातीलाच एक जास्तीचे मापन करून ज्या शॉट्समध्ये ‘१’ आले ते वगळले, तर पहिला दोष पुष्कळ कमी होतो. दुसरी काळजी वेळेची. टी-१ तासातासाला बदलू शकतो, म्हणून सारणीची सर्किटे मुख्य प्रयोगाच्या सर्किटांमध्ये मिसळून चालवावीत. सकाळच्या सारणीने रात्रीचे निकाल सुधारणे धोक्याचे आहे. तिसरी काळजी शेजाऱ्यांची, कारण सर्व क्युबिट्स एकाच वेळी वाचताना रेझोनेटरांचे संकेत एकमेकांत शिरू शकतात. एकेक क्युबिट वेगळा वाचून बनवलेली सारणी म्हणूनच नेहमी थोडी आशावादी निघते. सारणी एकत्रित मापनातच बनवा, आणि शेजारचा क्युबिट ‘०’ असताना व ‘१’ असताना आपल्या क्युबिटची चूक बदलते का, हेही तपासा.

पायरी ३ : सारणी उलटी चालवून खरे प्रमाण काढा

वरच्याच आकड्यांवर उदाहरण करू. ‘१’ चे खरे प्रमाण क्ष असेल तर दिसणारे प्रमाण ०.९६ गुणिले क्ष अधिक ०.०१ गुणिले (१ − क्ष), म्हणजे ०.०१ + ०.९५ क्ष इतके येते. प्रयोगात १०,००० पैकी ४,८५० वेळा ‘१’ दिसले, तर ०.४८५ = ०.०१ + ०.९५ क्ष, आणि क्ष बरोबर ०.५ निघतो. क्युबिट अगदी समतोल होता. ‘०’ कडे दिसलेला झुकाव हा पूर्णपणे मापनाचा दोष होता.

ही युक्ती सुंदर आहे, पण फुकटची नाही. ०.९५ ने भागल्यामुळे अनिश्चितताही तेवढ्या पटीने फुगते. एका क्युबिटला हे जाणवत नाही, परंतु ५० क्युबिट्सची समता, म्हणजे सर्व बिट्सची बेरीज सम आहे की विषम, काढायची झाली तर ०.९५ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे ०.०७७, भाजकात येतो, आणि पूर्वीइतकीच अचूकता हवी असल्यास सुमारे १७० पट शॉट्स लागतात. १०० क्युबिट्सना हाच गुणक २८,००० च्या पुढे जातो. शिवाय ५० क्युबिट्सची संपूर्ण सारणी लिहायची तर दोनचा ५० वा घात इतक्या ओळी लागतील, जे शक्यच नाही. म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक क्युबिटची सारणी स्वतंत्र धरतात, किंवा जे बिटक्रम खरोखर दिसले तेवढ्यांपुरतेच समीकरण सोडवतात, किंवा मापनाच्या आधी यादृच्छिकपणे काही बिट उलटवून नंतर ते कागदावर परत उलटवतात, जेणेकरून एकतर्फी चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि तिचा हिशेब एका गुणकावर येतो.

सारणी उलटवल्यावर एखाद्या बिटक्रमाची संभाव्यता ऋण निघाली तर गोंधळून जाऊ नका. तो सांख्यिकीय चढउताराचा परिणाम आहे, आणि बेरीज एक व सर्व मूल्ये शून्याच्या वर या अटींमध्ये सर्वांत जवळचे उत्तर शोधणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

पायरी ४ : शमन आणि दुरुस्ती यांतील फरक पक्का करा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पायरी ३ मध्ये केले ते चुकीचे शमन होते, दुरुस्ती नव्हे. शमनाने पुष्कळ शॉट्सची सरासरी सुधारते. एखाद्या विशिष्ट शॉटमध्ये चुकलेला बिट कोणता, हे त्यातून कधीच कळत नाही. रेणूची ऊर्जा काढायची असेल तर सरासरी पुरते. गुप्त किल्ली काढायची असेल तर एक पूर्ण, बरोबर बिटक्रम हाती यावा लागतो.

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेला अल्गोरिदम मोठ्या संख्येचे अवयव काढतो, आणि आरएसएचा पाया हीच अवघड समस्या आहे. समजा, त्याच्या शेवटी २,०४८ क्युबिट्स वाचायचे आहेत आणि प्रत्येक वाचनात १ टक्का चूक आहे. सर्व बिट बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा २,०४८ वा घात, म्हणजे सुमारे ८७ कोटींत एक. हा आकडा पाहून अनेकजण सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकी तेथेच चूक होते.

पहिले कारण असे की अवयव काढणे अवघड असले तरी पडताळणे सोपे आहे. मिळालेल्या दोन संख्यांचा गुणाकार करून पाहिला की उत्तर खरे की खोटे हे साधा संगणक क्षणार्धात सांगतो. त्यामुळे हल्लेखोराचे यंत्र हजारात एकदाच बरोबर चालले तरी त्याचे काम होते. चुकीचे निकाल तो निर्धास्तपणे फेकून देऊ शकतो. दुसरे कारण म्हणजे शेवटचे मापन सुधारणे तुलनेने सोपे आहे. मापनानंतर क्युबिट ‘०’ किंवा ‘१’ यांपैकी एका अवस्थेत स्थिर होतो, म्हणून तोच क्युबिट तीनदा वाचून बहुमत घेतले तर २ टक्क्यांची चूक सुमारे ०.१२ टक्क्यावर येते. अर्थात हे तीनही वाचने एकमेकांपासून स्वतंत्र असली तरच खरे आहे. पहिल्याच वाचनात क्युबिट ढासळला असेल तर पुढची दोन्ही वाचने मोठ्या निष्ठेने ती चूकच सांगतील, आणि म्हणून बहुमताचा उपाय ढगांच्या सरमिसळीवर चालतो, ढासळण्यावर चालत नाही.

मग अडसर कुठे आहे? तो सर्किटच्या शेवटी नसून मध्ये आहे.

पायरी ५ : सर्किटच्या मधल्या मापनांकडे लक्ष द्या

शोरच्या अल्गोरिदममध्ये अब्जावधी गेट्स लागतात आणि भौतिक क्युबिट त्यातला नगण्य हिस्साही बिनचूक पार करू शकत नाही. म्हणून अनेक भौतिक क्युबिट्स मिळून एक लॉजिकल क्युबिट बांधतात. सर्वाधिक अभ्यासलेल्या सरफेस कोड या चूक-दुरुस्तीच्या पद्धतीत अंतर ड (जितके मोठे, तितक्या अधिक चुका सहन होतात) असलेल्या एका लॉजिकल क्युबिटला ड-वर्गाच्या दुपटीतून एक वजा, इतके भौतिक क्युबिट्स लागतात. त्यांपैकी ड-वर्ग इतके माहिती सांभाळतात आणि उरलेले सतत तपासणी करतात. या तपासणीच्या निकालाला सिंड्रोम म्हणतात. सिंड्रोम मिळतो मापनातून, आणि मापन तर स्वतःच चुकते. पहारेकऱ्यावर पहारा कोणी ठेवायचा, हा प्रश्न येथे अगदी शब्दशः उभा राहतो.

त्याचे उत्तर पुनरावृत्तीत आहे. एकाच तपासणीचे सलग पाच फेऱ्यांतील निकाल ०, ०, १, ०, ० असे आले, तर बदल होऊन लगेच मागे फिरला आहे, म्हणजे बहुधा तिसरे वाचनच चुकले. तेच निकाल ०, ०, १, १, १ असे आले, तर काहीतरी बदलले आणि तसेच राहिले आहे, म्हणजे बहुधा माहिती सांभाळणारा क्युबिट खरोखर उलटला. म्हणून डीकोडर, म्हणजे सिंड्रोमवरून चूक शोधणारा साधा संगणक, एकेका फेरीकडे सुटे पाहत नाही. तो साधारण ड इतक्या फेऱ्यांचा त्रिमितीय नकाशा बनवतो, ज्यात दोन मिती जागेच्या आणि एक काळाची असते, आणि त्यातील बदलांच्या जोड्या लावून सर्वांत संभाव्य कारण शोधतो.

याची किंमत उंबरठ्याच्या रूपाने मोजावी लागते. मापन बिनचूक आहे असे मानले तर सरफेस कोड सुमारे १० टक्के चूक सहन करतो. मापनही तेवढेच चुकते असे धरले की ही मर्यादा सुमारे ३ टक्क्यांवर उतरते, आणि तपासणीतील प्रत्येक गेटची चूक मोजली की ती १ टक्क्याच्या आसपास किंवा खाली येते. उंबरठ्याच्या वर असाल तर क्युबिट्स वाढवल्याने चूक वाढते. खाली असाल तर ती झपाट्याने घटते.

आता आकारमान पाहा. ड = २५ घेतले तर एका लॉजिकल क्युबिटला १,२४९ भौतिक क्युबिट्स लागतात आणि प्रत्येक फेरीत ६२४ मापने होतात. फेरी १ मायक्रोसेकंदाची असेल तर सेकंदाला ६२ कोटी ४० लाख मापने. १ टक्का चूक धरली तर त्यांपैकी सुमारे ६२ लाख खोटी. डीकोडरने हे सर्व येईल त्या वेगाने निपटले पाहिजे, अन्यथा थकबाकी साचत जाते आणि संपूर्ण गणन थांबते. आरएसए-२०४८ साठी असे हजाराहून अधिक लॉजिकल क्युबिट्स दिवसचे दिवस चालवावे लागतील. मापनाचा वेग आणि अचूकता हे दोन्ही एकत्र का हवेत, हे या एका हिशेबातून स्पष्ट होते.

पायरी ६ : बातमीतील आकडे एन्क्रिप्शनच्या भाषेत आणा

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्युबिट्सच्या विलो या चिपचे निकाल प्रसिद्ध केले. अंतर ३ वरून ५ आणि ५ वरून ७ असे नेल्यावर लॉजिकल चूक प्रत्येक वेळी सुमारे २.१४ पटीने घटली, आणि अंतर ७ ला ती दर फेरीस ०.१४३ टक्के होती. या २.१४ ला लॅम्बडा म्हणतात, आणि माझ्या मते क्वांटम यंत्राविषयीच्या कोणत्याही बातमीत क्युबिट्सच्या संख्येपेक्षा आधी शोधावा तो हाच आकडा.

तो कसा वापरायचा ते पाहू. दर फेरीस एक लाख कोटींत एक इतकी लॉजिकल चूक हवी आहे असे धरा. ०.१४३ टक्क्यांपासून तेथवर जाण्यासाठी २.१४ ने २८ वेळा भागावे लागते. प्रत्येक वेळी अंतर दोनने वाढते, म्हणजे ड = ६३, आणि एका लॉजिकल क्युबिटला ७,९३७ भौतिक क्युबिट्स. सुरुवातीचा आकडा तोच ठेवून लॅम्बडा १० झाला असे मानले, तर दहाच पायऱ्या लागतात, ड = २७ होते आणि १,४५७ क्युबिट्स पुरतात. हा सरळरेषेत ताणलेला अंदाज आहे, भाकीत नव्हे. तरीही गेट्स आणि मापने यांची अचूकता काही पटींनी सुधारली की यंत्राचा आकार पाचपटीहून अधिक आटोपशीर होतो, हे त्यातून दिसते.

हल्ल्याच्या खर्चाचे अंदाजही असेच खाली आले आहेत. क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा यांनी २०१९ मध्ये दाखवले की ०.१ टक्का गेट-चूक आणि १ मायक्रोसेकंदाची फेरी गृहीत धरल्यास आरएसए-२०४८ फोडायला सुमारे २ कोटी क्युबिट्स आणि ८ तास लागतील. २०२५ च्या मे महिन्यात गिडनी यांनीच हा आकडा १० लाखांच्या खाली आणला. वेळ वाढून एका आठवड्याच्या आत इतका झाला. यंत्राविषयीची गृहीतके तीच होती, सुधारला तो अल्गोरिदम आणि चुकांच्या दुरुस्तीची मांडणी. हार्डवेअर एका जागी उभे असतानाही आपली सुरक्षा आटू शकते, हे सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. एलिप्टिक कर्व्हच्या २५६ बिटांच्या किल्लीलाही हाच धोका आहे; साध्या संगणकांविरुद्ध ती आरएसए-२०४८ पेक्षा मजबूत मानली जाते, पण शोरच्या अल्गोरिदमपुढे लहान किल्ली ही उलट अडचण ठरते.

एईएससारख्या सममित, म्हणजे दोन्ही टोकांना एकच किल्ली वापरणाऱ्या, पद्धतींची काळजी मात्र कमी आहे. १९९६ मधील ग्रोव्हरच्या अल्गोरिदमने किल्लीची परिणामकारक लांबी कागदावर निम्मी होते, तरीही एईएस-२५६ वापरणाऱ्याला या कारणासाठी काही बदलावे लागत नाही.

पायरी ७ : स्वतःच्या काळाचा हिशेब मांडा

आज पकडलेली एन्क्रिप्टेड माहिती साठवून ठेवून, यंत्र तयार झाल्यावर ती उघडणे शक्य आहे. म्हणून ‘यंत्र केव्हा तयार होईल’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. मिशेल मोस्का यांनी मांडलेली असमानता येथे कामाला येते. माहिती जितकी वर्षे गुप्त राहायला हवी, तितक्यात यंत्रणा बदलायला लागणारी वर्षे मिळवा. ही बेरीज जर समर्थ यंत्र येण्याच्या मुदतीपेक्षा मोठी असेल, तर उशीर आधीच झालेला आहे. वैद्यकीय नोंदी १५ वर्षे गुप्त ठेवायच्या असतील आणि बदलाला ५ वर्षे लागणार असतील, तर प्रश्न २० वर्षांनंतरच्या यंत्राचा असतो, आजच्या यंत्रातील एक टक्क्याच्या मापनचुकीचा नसतो.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने आपल्या संक्रमण-मसुद्यात ११२ बिट सुरक्षेच्या आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह पद्धती २०३० नंतर टाळाव्यात आणि २०३५ नंतर या पद्धती मुळीच वापरू नयेत असे वेळापत्रक सुचवले आहे. तेच वेळापत्रक बाहेरची मर्यादा म्हणून धरणे शहाणपणाचे आहे.

या हिशेबासाठी आधी यादी लागते, आणि माझ्या मते सर्वांत कंटाळवाणे व सर्वांत निर्णायक काम हेच आहे. प्रत्येक जोडणीत किल्लीची देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने होते, स्वाक्षऱ्या कुठे आणि किती काळासाठी वापरल्या जातात, आणि कोणती उपकरणे दूरस्थपणे अद्ययावत करता येत नाहीत, हे तिन्ही वेगळे नोंदवा. देवाणघेवाण आणि स्वाक्षरी यांची सरमिसळ करू नका. साठवून ठेवण्याचा हल्ला देवाणघेवाणीवर चालतो, म्हणून ती आधी बदलायची. जुनी स्वाक्षरी भविष्यात खोटी करता आल्याने आज पार पडलेली ओळखतपासणी रद्द होत नाही. अपवाद फक्त फर्मवेअरच्या आणि मूळ प्रमाणपत्रांच्या स्वाक्षऱ्यांचा, कारण त्या दहा-वीस वर्षे विश्वासाचा पाया म्हणून वापरात राहतात.

पायरी ८ : मिश्र पद्धतीने बदल करा

निस्टने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके जाहीर केली: किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी एमएल-केईएम, आणि स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए व एसएलएच-डीएसए. मार्च २०२५ मध्ये एचक्यूसी ही वेगळ्या गणितावर उभी असलेली पर्यायी पद्धतही निवडली गेली. गंमत अशी की एमएल-केईएममध्ये चूक मुद्दाम घातलेली असते. जाळीच्या (लॅटिस या गणिती रचनेच्या) समीकरणांत थोडा गोंगाट मिसळल्यामुळेच ती सोडवणे अवघड होते, आणि योग्य किल्ली असणाऱ्यालाही अत्यंत क्वचित, एमएल-केईएम-७६८ मध्ये दोनच्या उणे १६४ व्या घातापेक्षाही कमी शक्यतेने, चुकीचे उत्तर मिळू शकते. गोंगाट एका बाजूला हल्लेखोराच्या यंत्राला अडवतो आणि दुसऱ्या बाजूला आपल्या नव्या कुलपाचा भाग होतो.

नव्या पद्धतीवर एकटी भिस्त ठेवू नये. साइक ही निस्टच्या निवड-स्पर्धेत पुढे गेलेली पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फुटली. म्हणून एक्स२५५१९ ही एलिप्टिक कर्व्हवरची जुनी देवाणघेवाण आणि एमएल-केईएम-७६८ दोन्ही चालवून त्यांच्या गुपितांपासून मिळून एक किल्ली काढावी. दोन्ही फुटल्याशिवाय ती उघडत नाही. क्रोमसारखे ब्राउझर ही मिश्र जोडी आधीच वापरतात, ओपनएसएसएचच्या १०.० आवृत्तीत ती मूळ पर्याय आहे, आणि ओपनएसएसएल ३.५ मध्ये तिन्ही नव्या मानकांची सोय आहे.

आकाराची अडचण आधीच तपासा. एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, तर एमएल-केईएम-७६८ ची १,१८४ बाइटची असते. त्यामुळे टीएलएसचा, म्हणजे वेबवरील सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलचा, पहिलाच संदेश एका पॅकेटमध्ये मावेनासा होतो, आणि काही जुनी मधली उपकरणे अशी जोडणी तोडतात. स्वाक्षऱ्यांत हा फरक अधिक बोचतो, कारण एमएल-डीएसए-६५ ची एक स्वाक्षरी ३,३०९ बाइटची असते, तर नेहमीच्या २५६ बिटांच्या एलिप्टिक कर्व्हची ६४ बाइटची.

क्यूकेडी आणि यादृच्छिक संख्या वापरणाऱ्यांसाठी

आतापर्यंत मापनचूक हल्लेखोराची अडचण होती. क्वांटम किल्ली-वितरणात, म्हणजे क्यूकेडीत, ती आपली अडचण होते. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांच्या १९८४ मधील बीबी८४ पद्धतीत दोन्ही पक्ष काही बिट उघड करून चुकीचे प्रमाण मोजतात, कारण चोरून ऐकणारा चुका निर्माण केल्याशिवाय ऐकू शकत नाही. एकेरी संवादातील आदर्श हिशेबात २ टक्के चुकीला सुमारे ७२ टक्के बिट किल्ली म्हणून उरतात, ५ टक्क्यांना सुमारे ४३ टक्के, आणि ११ टक्क्यांच्या आसपास काहीच उरत नाही.

येथे पायरी ३ चा मोह कटाक्षाने टाळा. ‘आमच्या डिटेक्टरची स्वतःची चूक २ टक्के आहे, ती वजा करू’ असे म्हणणे म्हणजे हल्लेखोराला २ टक्क्यांची सूट देणे होय, कारण तो डिटेक्टरच्या वर्तनावर बाहेरून प्रभाव टाकू शकतो. तेजस्वी प्रकाशाने डिटेक्टर आंधळे करून ते हवे तसे चालवण्याचा हल्ला २०१० मध्ये विक्रीतील यंत्रांवर करून दाखवला गेला. दिसलेली सर्व चूक शत्रूची समजूनच किल्ली आखडून घ्यावी.

क्वांटम यादृच्छिक संख्यांत पायरी १ मधील एकतर्फी चूक परत भेटते. आपल्या उदाहरणातील क्युबिट ‘१’ हे ४८.५ टक्के वेळा देत होता, म्हणजे प्रत्येक बिटात १ ऐवजी जास्तीत जास्त सुमारे ०.९५७ बिट इतकी किमान-एन्ट्रॉपी (खऱ्या अनिश्चिततेचे सर्वांत सावध माप) आहे, आणि गोंगाट साध्या कारणांचा असेल तर तो हल्लेखोराला माहीत असू शकतो म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. सरासरी ५० टक्क्यांवर आणून येथे काहीच साधत नाही. कच्चे बिट एक्स्ट्रॅक्टरमधून, म्हणजे त्यांतील खरी यादृच्छिकता गाळून घेणाऱ्या गणिती क्रियेतून, काढून लांबी कमी करणे हाच योग्य मार्ग आहे.

बदल झाल्यानंतरची तपासणी

मिश्र पद्धत चालू केल्यानंतर सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक जोडणीत प्रत्यक्ष कोणती देवाणघेवाण ठरली हे नोंदवायला सुरुवात करा. दोन टोकांपैकी एकाला नवी पद्धत येत नसेल तर जोडणी गुपचूप जुन्या पद्धतीवर उतरते, वापरकर्त्याला काहीच जाणवत नाही, आणि सेटिंगचे पान मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवत राहते. जुन्या पद्धतीवर उतरलेल्या जोडण्यांचे प्रमाण दर महिन्याला पाहा, त्यामागची उपकरणे शोधा, आणि ज्या माहितीचा पायरी ७ मधील हिशेब आधीच चुकलेला आहे तिच्यासाठी जुनी पद्धत सर्वप्रथम बंद करा. लॅम्बडाचा नवा आकडा किंवा हल्ल्याच्या खर्चाचा नवा अंदाज आला की पायरी ६ आणि ७ पुन्हा करा. त्यातून मुदत अलीकडे आली तर वेळापत्रक बदला, आणि पलीकडे गेली तर ते तसेच राहू द्या.